पेशवाईत नसलेलं विद्यालय

भाची कादंबरी लिहिते आहे. काळ सवाई माधवरावांचा, जागा वाईजवळचा कृष्णाकाठ, आणि कथेच्या मध्यभागी एक विद्यालय. तिथे तीनच विषय: दफ्तर राखणं, वकिलात करणं आणि दरबारात बोलणं. असं विद्यालय पेशवाईत कधीच नव्हतं. तिचे मामा उभा जन्म मोडी कागद वाचत आले, म्हणून हस्तलिखित साहजिकच त्यांच्याकडे तपासायला गेलं. तपासणी राहिली बाजूला, वाद जुंपला. मामा-भाची दोघंही माझ्या कल्पनेतली आहेत. त्यांच्या तोंडी येणारी माणसं, सालं आणि कागद मात्र इतिहासातले.

मामा: पहिल्याच पानावर तुझ्या विद्यालयाचे नियम भिंतीवर टांगलेत. अगं, वाईत पाठशाळा होत्या, घरोघर वेद होते, न्याय-व्याकरण होतं. पण कारकुनी शिकवायला शाळा? ती फडावर, म्हणजे कचेरीत, बसून शिकायची विद्या.

भाची: बसून म्हणजे कशी?

मामा: उमेदवारी करून. पोरगा काकाच्या नाहीतर मामाच्या मागे फडात जायचा. आधी कागद घोटायचा, बोरू तासायचा, शाई कालवायची. मग नकला उतरायच्या. अक्षर वळलं की रोजकीर्द, मग याद्या, मग साधी पत्रं. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मजकूर तोंडानं सांगायचा आणि यानं तो कागदावर बसवायचा. माणसागणिक मायना वेगळा. बरोबरीच्या सरदाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’, धन्याला ‘स्वामींचे सेवेशी’, हाताखालच्याला नुसती आज्ञा. तारखेला ‘छ’ घालून चंद्र मोजायचा, साल सुहूरचं, तेही अरबी शब्दांत. मायन्यात एक पायरी चुकली तर समोरचा रुसायचा, आणि सरदाराचा रुसवा दौलतीला महाग पडायचा. हे काय तू फळ्यावर शिकवणार?

भाची: पुस्तकावर शिकवीन. पुस्तकं होती ना. परंपरेनं हेमाडपंतांच्या नावावर चालणारं मेस्तक घे, पत्रं कशी लिहावीत याचा तो धडाच आहे. शिवाजी महाराजांच्या वेळी राज्यव्यवहारकोश झाला, त्यात हजारावर दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेत, तेही वर्गवारी लावून. पुढे १७१५ च्या सुमाराचं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. प्रधान कसे असावेत, सावकारांना कसं वागवावं, टोपीकरांपासून का सावध राहावं, किल्ले कसे राखावेत, सगळं आहे त्यात. पुस्तकं आहेत, गुरू आहेत, पोरं आहेत. मी फक्त वर छप्पर घातलं.

मामा: त्या छपरानंच घोटाळा होतो. दफ्तर आणि वकिलात ही भरवशाची कामं. पोरगा कुणाचा, त्याचं घर कुठे, त्याचा बाप कुणाचं मीठ खातो, हे ठाऊक असल्याशिवाय त्याच्या हाती लाखोटा द्यायचा नाही. हिंगण्यांचं घराणं बघ. महादेवभट हिंगणे १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले, आणि त्यांच्यामागे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम ही मुलं तीच वकिलात चालवत राहिली. बादशहाचा वजीर कुणाला भेटला, कुणाची रदबदली चालली, पैसा कुठे अडला, सगळं पुण्याला कळवायची. घर नाशकात, माणसं दिल्लीत. असा जिव्हाळा परीक्षा घेऊन मिळत नाही.

भाची: तेच हिंगणे आणि दिल्लीतले मराठी सरदार अंताजी माणकेश्वर एकमेकांविरुद्ध पुण्याला कागाळ्या पाठवत होते, तेही पानिपताच्या आधीच्या त्या नाजूक वर्षांत. पेशव्यांनी कुणाचं खरं मानायचं? घराण्याच्या निष्ठेबरोबर घराण्याचं भांडणही दिल्लीला गेलं.

मामा: भांडणं कुठे नसतात?

भाची: भांडणाबद्दल माझी तक्रार नाही. भांडणाचा निवाडा करायला घराबाहेरची एक कसोटी हवी, ती नव्हती, एवढंच म्हणते. १७८१ साल घे. इंग्रजांचं पुण्याशी युद्ध चालू आहे. ऑगस्टमध्ये त्यांचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज बनारसला जाऊन राजा चेतसिंगाला कैद करायला बघतो, शहर उठतं, इंग्रजांचे शिपाई कापले जातात आणि स्वारी चुनारच्या किल्ल्यात पळते. खजिना रिकामा. तेव्हा त्याला लाख रुपये उसने कोण देतं? बेनीराम पंडित आणि त्याचा भाऊ. नागपूरकर भोसल्यांचा वकील! मराठी दौलतीतल्या एका घरचा वकील पुण्याच्या शत्रूला अडचणीत पैसा पुरवतो.

मामा: थांब. बेनीरामाला फितूर ठरवायची घाई करू नकोस. त्याच्या धन्याचं, मुधोजी भोसल्यांचं धोरणच तसं होतं. पुणे, हैदर, निजाम यांच्याबरोबर इंग्रजांविरुद्ध जूट बांधायची आणि आतून कलकत्त्याशी बोलणं लावायचं. नागपूरची फौज कटकपर्यंत गेली आणि हेस्टिंग्जनं तिला पैसे देऊन वाटेला लावलं. वकील धन्याशी इमानानंच वागला. इमान नागपूरपुरतं होतं, एवढंच.

(इथे मामा जिंकले असं मला वाटतं. आपण ‘मराठ्यांची परराष्ट्रनीती’ असं एकवचनात बोलतो, पण त्या साली कलकत्त्यात पुण्याचा वकील लाला सेवकराम वेगळा, नागपूरचा बेनीराम वेगळा, आणि दोघांची पत्रं दोन वेगळ्या गावच्या रुमालांत, म्हणजे कागदांच्या बासनांत.)

भाची: आणि त्याच वर्षी तिसरी वकिलात कुठे होती? इंग्लंडात. पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादानं हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि त्याच्याबरोबर मणियार पारशी यांना लंडनला धाडलं होतं.

मामा: म्हणजे पुण्याच्या विरुद्ध इंग्रजांचा हात धरणाऱ्याचाच तो वकील. तुझ्या विद्यालयात त्याचा पुतळा नको उभारू.

भाची: पुतळा नाही, पण एक धडा नक्की. या दोघांची गाठ एडमंड बर्कशी पडली. इंग्लंडच्या पार्लमेंटात त्याच्या तोडीचा वक्ता क्वचितच. त्यानं त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं, सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतलं काचघर रिकामं करून दिलं, वर पाहुणचारात उणं राहिलं म्हणून राघोबाला पत्र लिहिलं. पुढे फेब्रुवारी १७८८ मध्ये तोच बर्क वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये हेस्टिंग्जच्या विरोधात दिवसामागून दिवस बोलत होता, आणि आरोपपत्रात चेतसिंगाचं प्रकरण ठळक होतं. आता जुळवून बघ. चुनारला काय घडलं ते एका मराठी वकिलानं डोळ्यांनी पाहिलेलं. बर्कच्या घरी दुसरा मराठी वकील जेवून आलेला. एकाचे कागद दुसऱ्यापर्यंत पोचतील अशी जागा सगळ्या दौलतीत एकही नव्हती.

मामा: पोचले असते तर काय दिवा लागला असता? एवढं बोलून बर्क हरलाच. १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. बोलण्याची ताकद तू जरा जास्तच धरतेस. तुझ्या तिसऱ्या विषयावर माझा मुळातच विश्वास नाही. आपल्याकडे दरबारात भाषणं ठोकत नसत. वकील जितका कमी बोलेल तितका चांगला. नाना फडणवीस काय बोलून मोठे झाले? साडेतीन शहाण्यांतले ते अर्धे, कारण तलवार नाही. पण सालबाईचा तह बघ. १७ मे १७८२ ला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं इंग्रजांच्या अँडरसनबरोबर ठरला. हेस्टिंग्जनं जूनमध्ये मान्यता दिली. नानांनी? काहीच नाही. हो नाही, ना नाही. इंग्रजांनाही कळेना, हैदरालाही कळेना. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि २० डिसेंबरला पुण्याचा शिक्का उठला. तहाच्या अटी ठरून सात महिने गेले होते, तेवढा वेळ माणूस गप्प राहिला. तुझ्या वक्तृत्वाच्या तासाला हे कसं घेणार?

भाची: हाच पहिला तास. गप्प बसणंही समोरच्याला उद्देशूनच होतं ना? हैदराला वाटत राहावं की पुणं अजून आपल्याबरोबर आहे, इंग्रजांना वाटत राहावं की अजून काही द्यावं लागेल. बोलणं म्हणजे मंचावर उभं राहून हातवारे, असं मी कुठे म्हणते? १७९२ चा पुण्यातला दरबार आठव. महादजी उत्तरेतून एवढा पराक्रम करून आले, बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकची सनद आणली, आणि दरबारात आपली जागा सोडून खाली बसले. बगलेतून पेशव्यांचे जोडे काढले. म्हणे आमच्या घराण्याचं काम हेच. नाना समोरच होते. सारं पुणं ते बघत होतं. त्या जोड्यांनी जेवढं सांगितलं तेवढं कुठल्या खलित्यानं सांगितलं असतं?

मामा: आणि त्याला गुण किती देशील? पन्नासपैकी?

भाची: महादजींना पंचेचाळीस. नानांच्या मौनाला अट्ठेचाळीस. पण दोघांनाही शिकवण्यात शून्य. १३ मार्च १८०० ला नाना गेले आणि पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट पामरनं वर कळवलं की मराठ्यांच्या राज्यातलं शहाणपण त्यांच्याबरोबर संपलं. शत्रूच्या वकिलाचं मत आहे हे, पण पुढच्या अठरा वर्षांत ते खोटं पाडणारा कोण निघाला, सांग. आणि त्याच १८०० साली कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वेलस्लीनं फोर्ट विल्यम कॉलेज उघडलं. गोऱ्या पोरांना इथल्या भाषा शिकवायला! मराठी शिकवायला विल्यम केरी, त्याच्या जोडीला वैद्यनाथ पंडित. १८०५ ला केरीचं मराठी व्याकरण, १८१० ला कोश, आणि तो कोश छापला मोडीत. मोडीचे खिळे श्रीरामपूरला पाडले, मामा. ज्या पुण्यात रोज शेकडो मोडी कागद लिहिले जात होते, तिथे नाहीत.

मामा: ते मलाही लागतं. पण तुझा निष्कर्ष पुरा नाही. पेशवाई बुडवणारे ते कॉलेजवाले नव्हते. माल्कम हिंदुस्थानात आला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा, एल्फिन्स्टन सोळाचा. एल्फिन्स्टन १८०१ मध्ये पुण्याला रेसिडेंटचा सहायक म्हणून आला आणि बॅरी क्लोजच्या हाताखाली बसून शिकला. याला काय म्हणतात? उमेदवारी! आपल्याच पद्धतीनं शिकून त्यांनी आपल्याला घेतलं.

भाची: शिकले आपल्यासारखे, पण शिकलेलं घरी नाही नेलं. इथे मला अडव. मॅलेट १७८६ ला पुण्यात रेसिडेंट झाला, १७९७ ला गेला. मग पामर, मग क्लोज, मग एल्फिन्स्टन. माणसं बदलली, संगमावरचं त्यांचं दफ्तर जागेवर राहिलं. एल्फिन्स्टनला मॅलेटनं काय लिहिलं ते हवं तेव्हा काढून वाचता येत होतं. आपला वकील बदलला की त्याचे रुमाल त्याच्या वाड्यात. नव्या माणसानं पुन्हा मुळापासून सुरुवात करायची, किंवा जुन्या घराण्याचे पाय धरायचे. विद्या वतनासारखी बापाकडून मुलाकडे, आणि मुलगा ठोंब्या निघाला तर विद्याही तिथेच थांबली.

मामा: रुमाल घरी गेले म्हणून राहिले. आता तू मला अडव. हुजूर दफ्तर सरकारी होतं ना? दोनशेच्या आसपास कारकून तिथे राबत, कैक वर्षांचे हिशेब नीट लावलेले. दुसऱ्या बाजीरावांच्या अमदानीत त्याची आबाळ झाली, आणि १८१८ मध्ये जे उरलं ते आयतंच एल्फिन्स्टनच्या हाती पडलं. त्यांनी त्याचं काय केलं? इनाम कमिशन. १८५२ चा कायदा करून त्याच दफ्तरातले कागद काढून लोकांच्या इनामांचे हक्क तपासले. आजोबाला मिळालेली जमीन कागदात नीट दिसत नाही, झाली खालसा. आपल्याच कारकुनांनी लिहिलेले कागद आपल्याच लोकांच्या उरावर. सरकारी दफ्तर ज्याचं सरकार त्याचं होतं, पोरी.

भाची: आणि घरचं दफ्तर?

मामा: ते माळ्यावर, लाकडी पेटीत, वाळवीच्या संगतीत का होईना, शिल्लक राहिलं. म्हणून तर इतिहास संशोधक राजवाडे गावोगाव हिंडू शकले. १८९८ मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात पानिपताच्या आसपासची पत्रं, आणि ती आली वाईतून. नानांचं मेणवलीचं दफ्तर पारसनीसांनी मिळवलं. हिंगणे दफ्तर पुढे भारत इतिहास संशोधक मंडळानं छापलं. हे सगळं तुझ्या विद्यालयाच्या एका इमारतीत असतं तर १८१८ ला एकाच गाडीत भरून गेलं असतं.

भाची: किंवा १८१८ च्या आधी कुणी वाचलं असतं.

मामा: म्हणजे?

भाची: माळ्यावर राहिलं, पण कुणासाठी? शंभर वर्षांनी राजवाड्यांसाठी. ज्यांना त्या पत्रांचा उपयोग होता, त्या काळच्या माणसांना ती बघायला मिळालीच नाहीत. आपण वाचलेल्या कागदांबद्दल घराण्यांचे आभार मानतो, आणि मानायलाच हवेत. पण कित्येक घरांतले गेले. बोहाऱ्याकडे गेले, चुलीत गेले, नदीत सोडले. ते मोजायला कुणी नाही.

(यावर मामांना उत्तर सुचलं नाही. मलाही सुचत नाही. माझा कल भाचीकडे आहे, पण मामांचं इनाम कमिशन मी सहजासहजी विसरणार नाही. कागद जपणारी संस्था काढायची म्हणजे ती पुढे कुणाच्या ताब्यात जाईल याचीही जोखीम घ्यायची, आणि ती जोखीम तिच्या कादंबरीत अजून कुठेच आलेली नाही.)

भाची: एक गंमत सांगू? मी कादंबरीचा शेवट १८२१ मध्ये करणार आहे. त्या वर्षी २२ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये राजाच्या हुकमानं एकोल द शार्त निघालं. जुने कागद वाचायचं, पारखायचं विद्यालय. क्रांतीत मठ बंद झाले, मठांतले जे संन्यासी जुनी लिपी वाचत ते पांगले, सरकारजमा झालेले कागद ढिगानं पडून, आणि वाचणारा कुणी नाही. म्हणून शाळा. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पुण्यात विश्रामबागवाड्यात पाठशाळा उघडली, ती पुढे डेक्कन कॉलेज झाली. शास्त्र्यांना वाटायच्या दक्षिणेच्या पैशातून. विषय कुठले? शास्त्रं. राज्य जाऊन तीन वर्षं झालेली, हाताशी हजारो रुमाल, ते वाचणारे कारकून शहरात बेकार हिंडतायत, आणि शाळेत न्याय नि अलंकार.

मामा: आमच्या बाजूनं कुणी मागणीही केली नसेल. कारकुनाला कधी वाटलं नाही की आपण करतो ती विद्या आहे. शास्त्र्यांना वाटत होतं, आणि त्यांना दक्षिणेची सवय होती. एल्फिन्स्टन-चॅपलिन यांनाही शास्त्री खूश ठेवायचे होते. तुझा पॅरिसचा दाखला मला पटतो, कारण विसाव्या शतकाच्या मध्यात शाळांतून मोडी गेली तेव्हा आपलंही तेच झालं. सरदेसाईंनी १९३० ते ३४ मध्ये पेशवे दफ्तरातून निवडून पंचेचाळीस खंड काढले, तेव्हा दफ्तरात ३५,००० च्या घरात रुमाल होते. निवडून पंचेचाळीस! बाकीचे अजून सोडायचेत. मोडी सरावानं वाचणारे किती उरलेत ते विचारू नकोस, माझी झोप जाते.

भाची: मग माझं विद्यालय तुला आता तरी चालेल की नाही?

मामा: दफ्तराचं चालेल. वकिलातीचं विचार करून सांगतो. बोलण्याचं नाही. बोलायचं शिकवायला पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला निघाली, रानड्यांनी काढली, ती पुरे.

भाची: तेच तर. शास्त्रं १८२१ ला एका वाड्यात, व्याख्यानं १८७५ ला दुसरीकडे, आणि कागद १९१० ला तिसरीकडे, संशोधक मंडळात. जो चांगला बोलतो त्यानं कागद पाहिलेला नसतो आणि जो कागद पाहतो तो चारचौघांत बोलायला उभा राहत नाही. तुझ्यासारखा. इटलीत लोरेंझो वाल्ला म्हणून होता, वक्तृत्वाचाच पंडित. नेपल्सच्या राजाच्या पदरी. राजाचं पोपशी वाकडं. १४४० मध्ये वाल्लानं दाखवून दिलं की सम्राट कॉन्स्टंटाइननं पोपला राज्य दान दिल्याचा जो कागद दाखवतात तो बनावट आहे. कशावरून? त्यातली लॅटिन त्या काळाची नाही. कागद, राजकारण आणि बोलण्याची जाण, तिन्ही एका माणसात.

मामा: आपल्याकडचं उदाहरण दे. बाहेरचं मानत नाही मी.

भाची: रंगो बापूजी.

मामा: हं.

भाची: साताऱ्याच्या प्रतापसिंहांना १८३९ मध्ये गादीवरून काढलं. आरोप काय? गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या आप्पासाहेबांशी संधान, कंपनीच्या हिंदी अंमलदारांना फितवणं. पुरावा कागदांचा आणि साक्षींचा. महाराजांच्या बाजूचं म्हणणं, कागद बनावट, शिक्के बनावट. रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोचले आणि १८५३ पर्यंत तिथे राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत, पार्लमेंटच्या सभासदांकडे, छापील पत्रकांतून, तेरा वर्षं एकच खटला. जॉर्ज थॉम्प्सन, जोसेफ ह्यूम त्यांच्या बाजूनं बोलले. दफ्तर, वकिलात, वक्तृत्व. एकट्यानं तिन्ही खाती सांभाळली, आणि कुठल्या शाळेत शिकून? तुझ्याच फडावर.

मामा: मग माझंच खरं झालं की. फडावरचा माणूस लंडनपर्यंत पोचला.

भाची: एकटा पोचला. आपल्या बाजूचा दुसरा माणूस शेजारी नाही, मागून नवा तयार होऊन येत नाही, घरून पैसा येतो न येतो. तिथे असतानाच १८४७ मध्ये काशीला महाराज वारले, १८४८ मध्ये सातारा खालसा झालं. परत आले आणि १८५७ च्या धामधुमीत असे गेले की पत्ता नाही. मुलगा फासावर चढला. त्यांच्यासारखे दहाजण असते तर?

मामा: तरी सातारा गेलंच असतं. डलहौसीला पुरावा नको होता, मुलूख हवा होता. हे तुझ्या पोरांना सांगशील ना? की नुसतं सांगशील चांगलं बोला, कागद दाखवा, म्हणजे न्याय मिळतो?

भाची: सांगेन. आणि नंतर हेही सांगेन की प्रबोधनकार ठाकऱ्यांना रंगो बापूजींचं चरित्र लिहिता आलं ते मागे उरलेल्या कागदांवरून.

मामा: बरं, एक ठरव. तुझ्या विद्यालयात प्रवेश कुणाला? तू तर सगळी पोरं जानवी घातलेली दाखवलीस. रंगो बापूजी प्रभू होते, शिवाजी महाराजांचे बाळाजी आवजी चिटणीसही. त्याहून पुढे जा. गावच्या वतनाचा महजर कधी हातात घेतलायस? गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, निवाडा लिहायचा आणि खाली सगळ्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी-दौत, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. लिहिता येत नव्हतं, पण कागद कसा उभा राहतो हे त्यांना ठाऊक होतं. साक्ष कशी द्यावी, वाद कसा मांडावा, हेही. बोलण्याची तुझी शाळा म्हणतेस ना, ती तिथे पारावर होती.

भाची: हे मी घेते. न्हाव्याचा मुलगा घेते पहिल्या वर्गात. आणि एक मुलगी.

मामा: मुलगी कुठून आणणार त्या काळात?

भाची: गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावांना, राज्य कसं करावं याच्या सूचना लिहून पाठवल्या की नाही? त्या कुठल्या शाळेत शिकल्या? जिथे त्या शिकल्या तिथलीच एक मुलगी.

मामा: चालेल. पण ते ‘ध चा मा’चं प्रकरण काढून टाक. आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण तो अस्सल कागद दाखवा म्हटलं की सगळे गप्प. तुझ्या विद्यालयात तरी ऐकीव चालू नये.

भाची: काढणार नाही, परीक्षेत घालणार. पहिला प्रश्न: हा कागद अस्सल आहे असं सिद्ध करा किंवा बनावट आहे असं सिद्ध करा. कागद, शाई, वळण, मायना, तारीख, सगळं तपासून.

मामा: छान. हा प्रश्न मी काढून देतो. दोन कागद देईन, एक खरा, एक त्याच हातचा वाटेल असा खोटा. दुसरा प्रश्न?

भाची: जो खोटा निघाला, त्याची बाजू दरबारात मांडा. अशी की ऐकणाऱ्याला तो खरा वाटला पाहिजे.

मामा: काय? खोट्याची वकिली शिकवणार?

भाची: प्रतापसिंह महाराजांचं म्हणणं खरं धरलंस तर साताऱ्याच्या खटल्यात ती कुणीतरी केलीच आणि जिंकलीही. आपल्या पोरांना ती कशी करतात हे कळायला नको?

मामा: त्या प्रश्नात जो पास होईल त्याला मी माझ्या फडावर घेणार नाही.

भाची: नाना घेतील.